माझा स्टार्च कोणी बिघडवला

१९ जानेवारी

तोंड उघडायची सोय राहिली नाही म्हणून ही वही उघडली. परवा वरची पूर्ण कवळी बसली. कॉलेजात ताप आल्याचं कळवून रजा घेतली होती. आज हजर झाले आणि दिवसभर ओठ मिटून, मान हलवून कारभार केला. जन्मभर वर्गात बडबड करत आलेल्या बाईची ही दशा. प्रयोगशाळेच्या मावशींनी, ज्या माझ्याइतक्याच जुन्या आहेत, विचारलं, "घसा बसला का हो?" मी मान हलवली. हो, घसाच बसला.

दातांचे डॉक्टर म्हणाले, नवी वस्तू तोंडात आली की तोंडाला वाटतं काहीतरी खायलाच आलं, मग लाळ सुटत राहते. थोडे दिवस जाऊ द्या म्हणे. थोडे म्हणजे किती ते काही बोलले नाहीत. बोलताना तोंडात तळं साचतं आणि कवळी त्यात तरंगते. ह्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि कळू द्यायचंही नाही.

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. मुलांना चार निनावी बाटल्या द्यायच्या आणि कशात काय आहे ते ओळखायला लावायचं: साखर, स्टार्च, प्रथिन, मेद. आयोडीन घातल्यावर निळंभोर झालं तर स्टार्च. बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून तापवल्यावर विटकरी झालं तर साखर. ही द्रावणं दरवर्षी मीच करते, एकटीच करते, आणि पिपेट, ती मोजायची काचेची नळी, तोंडानेच ओढते. आमच्या वेळी तसंच शिकवायचे. दाट स्टार्च शिजवून मोठ्या बाटलीत ठेवायचा, मग पिपेटने ओढून छोट्या बाटल्यांत वाटायचा, वर पाणी घालायचं आणि पिपेटनेच दोन फुंका मारून ढवळायचं. चमचा नको, काडी नको.

आज मी ते करत असताना फुगेवाली आत आली. ही आमची नवी प्राध्यापिका, कराराने घेतलेली, अजून कायम व्हायची आहे. माझीच विद्यार्थिनी. पिपेटला लावायचा रबरी फुगा हिने कॉलेजात आणला म्हणून मी ठेवलेलं हे नाव. तोंडाने ओढण्यात विषबाधेची भीती असते, असं ती मुलांना सांगते. म्हणजे मी आजवर विषबाधेने मेलेलीच असायला हवी होते.

"मॅडम, तुमच्यासाठी एक जास्तीचा मागवला होता," म्हणत तिने लाल फुगा टेबलावर ठेवला.

"वाढदिवस आहे का माझा?" मी ओठ न उघडता जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. ती हसली. फुगा ड्रॉवरमध्ये टाकला आणि ती गेल्यावर दार आतून लावून काम पुरं केलं. नव्या दातांमुळे ओठ काचेवर नीट बसत नाहीत. ते कोणी पाहायला नको होतं.

२१ जानेवारी

लिहायचीही लाज वाटते. तरी लिहिते.

बाहेरून आलेले परीक्षक तरुण, जाड चष्म्याचे. पहिल्याच मुलीने स्टार्चच्या बाटलीत आयोडीन घातलं. निळं व्हायला हवं ते आयोडीनच्याच रंगाचं राहिलं, फिकट तपकिरी. दुसऱ्याने घातलं, तेच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग कोणीतरी बेनेडिक्ट घालून तापवलं आणि नळी लालभडक विटकरी झाली. साखर! स्टार्चच्या बाटलीत साखर!

गंमत अशी की ज्यांनी प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं त्यांना चष्म्याने बरोबर दिलं आणि ज्यांना माझा बाटल्या ठेवायचा क्रम आधीपासून माहीत होता त्यांची दांडी उडाली. मला त्याचं हसू यायला हवं होतं. पण चष्मा सगळ्या वर्गासमोर, मावशींसमोर, विभागप्रमुख सरांसमोर म्हणाला, "मॅडम, आता निवृत्तीचे वेध लागले वाटतं."

वर्ग हसला. मला उत्तर देता येईना, कारण रागाने तोंड उघडलं असतं तर कवळी खाली आली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सगळे गेल्यावर मी कपाटातल्या मोठ्या बाटलीतला दाट स्टार्च घेऊन त्यात आयोडीन टाकलं. निळाभोर! म्हणजे मी केलेला स्टार्च शाबूत आहे. बिघडल्या त्या फक्त टेबलावरच्या छोट्या बाटल्या, आणि त्या शनिवारपासून उघड्यावर होत्या. मुद्दाम कोणीतरी स्टार्च ओतून साखरेचं पाणी भरलं. दुसरा अर्थच निघत नाही.

शनिवारी माझ्यामागून प्रयोगशाळेत कोण होतं? फुगेवाली. प्रात्यक्षिकांचा ताबा कोणाला हवाय? फुगेवालीला. कानामागून आली आणि तिखट झाली.

सरांच्या खोलीत गेले आणि स्पष्ट सांगितलं, "हे कोणीतरी केलंय, सर. जो सापडेल त्याला या विभागात ठेवायचं नाही. शब्द द्या."

"कोणीही असो?"

"कोणीही असो."

ते म्हणाले, "बरं. पुरावा आणा." आणि कागदात डोकं घातलं. मीही इथे लिहून ठेवते. ज्याने माझा स्टार्च बिघडवला, त्याला या प्रयोगशाळेत उभं राहू देणार नाही. मी शब्दाला जागणारी बाई आहे.

२४ जानेवारी

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे मधुमेही, रात्रंदिवस साखरेचाच विचार. म्हणाले, "साखरेचं पाणी कोणी फुकट वाटत असेल तर मला सांगू नकोस."

माझं डोकं भणभणतंय आणि ह्यांना विनोद सुचतात. हे जेवणात पाव जास्त खातात म्हणून मी नेहमीप्रमाणे टोकलं: पाव म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजे साखरेच्याच लांब माळा. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर त्या माळा तोडायला तोंडातच सुरुवात करतं. खोटं वाटत असेल तर घास बराच वेळ चघळून बघा, गोड लागेल. ह्यांनी खरंच चघळला आणि म्हणाले, "खरंय की. मग तुझ्या हातचं जेवण गिळूनच टाकतो, गोड होण्याची वाट कशाला बघू?"

उशी फेकून मारली.

२९ जानेवारी

बदला कसा घ्यायचा याचा विचार करताना मन किती ताजंतवानं होतं! वयाचं काही वाटेनासं होतं.

आज वर्गात पेशी शिकवताना आमचा विभागच डोळ्यांसमोर आला. केंद्रकाम्लं, डीएनए वगैरे, म्हणजे सर: आत बसून हुकूम सोडायचे, स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही. मेद म्हणजे मावशी: पेशीभोवतीचा पडदा, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातून परत पाठवायचं ते त्याच ठरवतात. प्रथिन म्हणजे मी. पेशीतलं सगळं काम प्रथिनंच करतात. तोडायचं तेही, जोडायचं तेही, नेआण करायची तीही, आणि नाव मात्र हुकूम सोडणाऱ्याचं. आणि फुगेवाली? साखर. सगळ्यांना गोड, लगेच विरघळणारी. साखर जास्त झाली की काय होतं ते आमच्या घरात रोज बघते.

मुलांना हे सांगितलं नाही, पण शिकवताना मी एवढी रंगले की एक मुलगा तास संपल्यावरही शंका विचारत थांबला.

५ फेब्रुवारी

नेहमीची प्रात्यक्षिकं सुरू झाली. स्टार्चच्या बाटल्या मी आदल्या संध्याकाळीच भरून ट्रेमध्ये ठेवते, दार लावून. आता मोठ्या बाटलीचं कपाटही कुलपात, किल्ली माझ्या पर्समध्ये. आज सगळ्या नळ्या निळ्याभोर झाल्या. चोराच्या मनात चांदणं! मी लक्ष ठेवून आहे हे फुगेवालीला कळलंय, म्हणून आता हात लावायची छाती होत नाही.

सकाळी लवकर गेले होते तर ही माझ्याही आधी हजर. बर्नर कोमट होता आणि बेसिनपाशी ती बीकर घासत होती. मला बघून गडबडली.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"झोप येत नाही मॅडम, समितीची धास्ती."

चोरून चहा करत असणार. प्रयोगशाळेत चहा! मी शिकवलेली मुलगी.

१२ फेब्रुवारी

आजही निळं. मागच्या आठवड्यातही निळं. माझ्या कुलपाचा प्रताप.

फुगेवाली मधल्या सुट्टीत शेजारी येऊन बसली. डबा उघडला, पुन्हा बंद केला, मग म्हणाली, "मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू? तोंडाने पिपेट ओढणं सोडा ना. द्रावणासाठीसुद्धा..."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून ओढतेय मी. तू मला शिकवणार?"

"नाही मॅडम. तसं नाही."

"मग कसं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अगदी तोंडाकडेच. मी ओठ मिटून घेतले. तिने नजर खाली वळवली आणि "काही नाही" म्हणून उठून गेली. हिला कवळीचा संशय आलाय का? तेवढंच उरलं होतं. आता ही विभागभर सांगत सुटेल.

एवढ्या लहान होत्या तेव्हा या मुली. हिलाच मी पहिल्या वर्षी लाळेच्या प्रयोगाला पुढे बोलावलं होतं. नळीत थुंकायला सांगितलं तर लाजून लाल झाली. मी म्हटलं होतं, थुंक मुली, शास्त्रात लाज नसते. तेव्हा ती थुंकली आणि निळा रंग डोळ्यांदेखत विरून गेला, तशी टाळ्या वाजवायला लागली. त्या मुलीची ही बाई झाली. गुण कुठे जातात कोणास ठाऊक.

१९ फेब्रुवारी

बातमी! पुढच्या आठवड्यात निवड समिती फुगेवालीचा तास बघायला येणार. तिचा करार संपत आलाय. समितीला पटलं तर कायम, नाहीतर राम राम. घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावणारी ही एकटीच, असं मावशींनी कळवळून सांगितलं. मला मुद्दाम का सांगतात?

विषय: जीवनाचे चार रेणू. शेवटी ती केळ्यातून डीएनए काढून दाखवणार. केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि साबणाचं पाणी घालायचं. साबणाने पेशीचा मेदाचा पडदा विरघळतो. मग गाळून त्यावर थंडगार अल्कोहोल नळीच्या कडेने हळूच सोडायचं. वर त्याचा थर तरंगतो आणि दोन्ही थरांच्या मधोमध पांढरे धागे उगवतात. बघणाऱ्याच्या तोंडून "अरे वा" निघालं नाही असं होत नाही. जे हुकूम आयुष्यभर आत दडून असतात ते उघड्यावर येतात.

आणि सगळं कशावर अवलंबून? अल्कोहोल तेज असण्यावर. त्यात निम्मं पाणी असलं तर थर तरंगत नाही, धागा दिसत नाही. काहीच होत नाही. नुसता गढूळ काढा.

तिने माझ्या बाटलीत साखर भरली, मी तिच्या बाटलीत पाणी भरणार. काट्याने काटा. हिशोब चुकता.

२० फेब्रुवारी

मन खातंय का? खरं सांगायचं तर थोडं. दुपारी मावशी तिचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. फुगेवालीने माझ्यासाठी मऊ खिमट आणलं होतं. "घसा अजून दुखतो म्हणून," असा निरोप. साखर ती साखरच. मी ते खाल्लं नाही. म्हणजे थोडंसं खाल्लं. चांगलं झालं होतं, त्याचाच जास्त राग आला.

मग चष्म्याचा आवाज आठवला. निवृत्तीचे वेध. आणि तो वर्ग हसलेला.

२६ फेब्रुवारी

काल ती गेल्यावर फ्रीजमधली तिची बाटली निम्मी बेसिनमध्ये ओतली आणि डिस्टिल्ड वॉटरने गळ्यापर्यंत भरली. चाकूसुऱ्या नाहीत, आरडाओरडा नाही. आपल्या धंद्यातलं हत्यार.

आज तास झाला. समितीचे तिघे पुढच्या रांगेत, सर बाजूला, मी मागच्या बाकावर. बोलली छान. नाकारण्यात अर्थ नाही. कर्बोदकं म्हणजे चूल, मेद म्हणजे भिंत, प्रथिनं म्हणजे हात, केंद्रकाम्लं म्हणजे आजीची शिकवण, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मुलं माना डोलवत होती. मग तिने केळ्याचा रस नळीत घेतला, बाटली उघडली आणि नळीच्या कडेने हळूच सोडलं.

थर तरंगलाच नाही. ते सगळं एकमेकांत मिसळून गेलं. ती थांबली. नळी उजेडात धरली. बाटली नाकाशी नेली. एक क्षण तिने वर्गाच्या मागे बघितलं. मग समितीला म्हणाली, "प्रयोग फसला. अल्कोहोल आधी तपासून घ्यायला हवं होतं, चूक माझी." आणि फळ्यावर धागे काढून दाखवले.

समितीतल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पूर्वतयारी कच्ची, असं बाहेर पडताना त्या सरांना म्हणाल्या. मी कान देऊनच उभी होते.

कवळी बसल्यापासून आज पहिल्यांदा मनमोकळी हसले.

१४ मार्च

फुगेवालीचा करार वाढवला नाही. महिनाअखेर जाणार. सरांना मी म्हटलं, "बाटल्या बदलणारे हात आपसूकच गेले, पुराव्याची गरज उरली नाही." ते माझ्याकडे थोडं विचित्र बघत राहिले. "तुम्हाला तीच वाटत होती?" म्हणाले. वाटायचं काय त्यात.

गोड लागायला हवं होतं. लागतंय. लागतंयच.

३० मार्च

तिचा शेवटचा दिवस. सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. मी खांद्याला हात लावून उठवलं, कारण मावशी बघत होत्या.

निघताना म्हणाली, "मॅडम, ड्रॉवरमधला फुगा वापरा. माझ्यासाठी नको, स्टार्चसाठी."

जाता जाता टोमणा! मी म्हटलं, "तुझ्या आईची काळजी घे," आणि दार लावून घेतलं.

३ एप्रिल

स्टार्च तपकिरी.

काल संध्याकाळी भरलेल्या बाटल्या, आज सगळ्याच्या सगळ्या तपकिरी. बेनेडिक्टने विटकरी. मुलांना घसा बसल्याचं सांगून तास सोडून दिला. गेली तरी हिचा हात गेला नाही! जाण्याआधी बाटल्यांत काहीतरी चोळून ठेवलं असणार. केवढा डूख!

सगळ्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या. नवं पाकीट फोडलं. पुन्हा शिजवला, पुन्हा वाटला.

४ एप्रिल

पुन्हा तपकिरी.

५ एप्रिल

आता मी काय केलं ते लिहिते. घरून जुना काचेचा पेला नेला, कॉलेजात कोणी हात न लावलेला. स्टार्च घरीच शिजवला, आमच्या स्वयंपाकघरात. पिपेटने वाटला, फुंकून ढवळला, झाकून ओट्यावर ठेवला. घरात आम्ही दोघंच. फुगेवाली इथे भिंतीतून येणार आहे थोडीच.

सकाळी आयोडीन टाकलं. तपकिरी.

हे पेपर वाचत होते. मी पेला घेऊन समोर उभी राहिले. "तुम्ही याला हात लावला?"

"मी?"

"खरं सांगा. साखर टाकलीत? थट्टेनं?"

"साखर! आपल्या घरात साखर आहे तरी का? डॉक्टरांच्या धाकाने तूच फेकून दिलीस." मग चष्मा कपाळावर चढवून पेल्याकडे बघत म्हणाले, "पाव चघळला की गोड होतो म्हणाली होतीस ना? मग तुझ्या त्या पेल्यात कोणी पाव चघळला ते शोध."

मी हसले नाही. हे पुन्हा पेपरात गेले. मी तशीच उभी राहिले. तोंडात पाणी साचलं होतं, ते गिळलं. पुन्हा साचलं.

६ एप्रिल

काल कॉलेजात जाऊन ड्रॉवर उघडला. फुगा होता तिथेच, धूळ बसलेला. एका बाटलीत त्याने स्टार्च भरला आणि काचेच्या काडीने ढवळला. दुसरीत नेहमीसारखा, तोंडाने, फुंकून. एकाच भांड्यातला स्टार्च, एकच पाणी. दोन्ही घरी आणून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

आज सकाळी पहिली निळीभोर. दुसरी तपकिरी.

मुलांना दरवर्षी शिकवते मी हे. नळीत थुंका म्हणते.

८ एप्रिल

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. बाटल्या माझ्याच तोंडाने बिघडत होत्या, तर सबंध फेब्रुवारी-मार्चमध्ये निळं कसं झालं? मावशींना विचारलं.

त्या म्हणाल्या, "अहो, त्या बाई रोज सकाळी यायच्या ना लवकर. तुमच्या भरलेल्या बाटल्या ओतायच्या, शेगडीवर नवं शिजवायच्या, पुन्हा भरून होत्या तशा लावून ठेवायच्या. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

"मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलू कुठे देता हो."

कोमट बर्नर. घासलेला बीकर. चहा नव्हता तो.

मावशी गेल्या आणि मी स्टुलावर बसून राहिले. ती मला सांगू शकली असती. दोनदा तोंड उघडलंही तिने. पण सांगायचं म्हणजे माझ्या दातांबद्दल बोलायचं, आणि तिने बाटल्या ओतणं पत्करलं.

१० एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं हे म्हणाले. नंतर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण पावाला हात न लावता उठले. मी म्हटलं, "बोला, बोला. मीच चोर आणि मीच फौजदार." मग मात्र रडले. ह्यांना काय करावं कळेना. पाण्याचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला.

रडून झाल्यावर मला राग आला. बरं वाटलं. राग माझ्या ओळखीचा आहे. आता तो कोणावर काढायचा तेही पक्कं ठाऊक आहे. वहीचं मागचं पान उलटून बघितलं. जो सापडेल त्याला ठेवायचं नाही. कोणीही असो. पेन्शनला अजून वेळ आहे, हे म्हणतात थांब, चार दिवसांनी सगळे विसरतात. फुगेवालीच्या वेळी थांबले होते का मी?

सूड अर्धवट सोडायची माझी रीत नाही.

१२ एप्रिल

सरांच्या टेबलावर दोन नळ्या ठेवल्या, एक निळी, एक तपकिरी. म्हटलं, "गुन्हेगार सापडला."

"कोण?"

मी कवळी काढून रुमालावर ठेवली. सर खुर्चीत मागे सरकले. शास्त्रात लाज नसते. पण दाराच्या फटीतून कारकून डोकावला तेव्हा अंगाचं पाणी पाणी झालं, ते खोटं कशाला लिहू. कवळीवाचून जसं बोलता आलं तसं, बोबडं, सगळं सांगितलं. लाळेचं सांगितलं. बाटलीत भरलेल्या पाण्याचं सांगितलं, तेव्हा मात्र सरांचा चेहरा बदलला.

"हे लेखी द्याल?"

"कागद द्या."

मी लिहीपर्यंत ते खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, "तिला परत बोलवायचं म्हटलं तरी जागा कुठे आहे? ती जागा समितीने रद्द केलीय."

"माझी आहे की. तुम्ही शब्द दिलाय, सर."

"अहो, मी तेव्हा..."

"कोणीही असो म्हणालात. मीही म्हणाले."

राजीनामा त्याच कागदाच्या पाठीवर लिहिला, नवा मागितला नाही. खाली सही करून कवळी पुन्हा बसवली आणि प्रयोगशाळेत गेले. मावशींनी विचारलं, "घसा सुटला का?" मी हो म्हटलं.

१९ एप्रिल

समितीने तिचा तास पुन्हा बघायचं मान्य केलं. सरांचा निरोप दुपारी आला. तिला त्यांनी कळवलंय, पण मी स्वतः फोन करायला हवा, हे मला कोणी सांगायला नको होतं. पहिल्या दिवसापासून टाळत होते.

संध्याकाळी लावला. मागे तिच्या आईच्या खोकल्याचा आवाज येत होता. पाण्याचं सांगितलं, स्टार्चचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"माहीत होतं मला, मॅडम," ती म्हणाली. "थर मिसळला तेव्हाच कळलं."

"मग तिथेच का बोलली नाहीस? समितीसमोर? एक वाक्य पुरलं असतं तुला."

मागे खोकला वाढला, तिने आईला पाणी दिलं. मग फोनवर आली.

"मी मागे बघितलं," ती म्हणाली, "तर तुम्ही हसत होतात. तुमचे नवे दात मला पहिल्यांदाच दिसले."

माझा हात आपोआप ओठांवर गेला.

"छान दिसतात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.